सूचना कागदावर की मोबाइलवर?

सुरक्षा-साधनांच्या छापील सूचनापत्राऐवजी क्यूआर कोड देण्याचा प्रघात वाढत आहे. युरोपीय संघाच्या यंत्रविषयक २०२३ च्या नियमाने (अंमल २० जानेवारी २०२७ पासून) डिजिटल माहितीपुस्तिकेस मुभा दिली; मात्र सामान्य ग्राहकास सुरक्षेच्या आवश्यक सूचना कागदावरच द्याव्या लागतात. हा भेद विचारात घेण्याजोगा आहे, कारण संकटसमयी मोबाइल हाताशी असेलच असे नाही.

शाळेतील अग्निशामकाचेच पाहावे. पिन काढणे, नळीचे तोंड ज्वाळेच्या बुडाशी रोखणे, दांडा दाबणे व फवारा दोन्ही बाजूंस फिरविणे, हा क्रम धुरात शोधत बसता येत नाही. तरी शिक्षक बंधुभगिनींनी तो ठळक अक्षरांत लिहून अग्निशामकाजवळ लावावा व स्वतः पाठ करावा. आग लागल्यास मुलांना प्रथम बाहेर काढावे.