फोनचा संगणक होतो काय? गट कार्यालयातील एक अनुभव



गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर जे वादळ झाले ते आपणास आठवत असेल. त्या रात्री ब्रम्हपुरी भागात विजा कडाडल्या, लाईनचा दाब एकाएकी वाढला आणि आमच्या गट कार्यालयातील संगणक जळाला. सकाळी कुलूप काढले तर खोलीत नुसता जळका वास. यंत्राचे एवढे दुःख नाही, यंत्र दुसरे आणता येते. पण त्या यंत्रात सुरू लागवडीची नोंद होती. त्यातील ३७ सभासदांची नोंद मुख्य कार्यालयास पाठवावयाची राहून गेली होती, आणि तिची दुसरी प्रत आम्ही ठेवलेली नव्हती. ही चूक आमची. ती प्रथमच कबूल करून मग पुढचे लिहीत आहोत.

लागवडीच्या तारखेचे महत्त्व ऊस पिकविणाऱ्यास सांगावयास नको. तिच्यावरून तोडणीची पाळी लागते. पाळी मागे पडली तर ऊस एप्रिलच्या उन्हात उभा राहतो, वजन घटते, उतारा घसरतो. आपला मुलूख तर मुळात धानाचा आणि रानाचा. इथे फड जितके दिवस जास्त उभा, तितके दिवस रानडुकरांचे फावते. फडात वाघ बसल्याची आवई उठली की तोडणी मजूर आत पाऊल टाकीत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? म्हणजे कागदावरची एक तारीख हुकली तर वर्षाची मेहनत हुकते.

आम्ही सायकल-मोटारसायकलीवर आठ दिवस गावोगाव फिरलो. ज्यांनी लागवड नोंदीची पावती जपून ठेवली होती त्यांचे काम दोन मिनिटांत झाले. ११ सभासदांकडे पावती नव्हती. एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हास विचारले, "साहेब, माहा ऊस तं वावरात उभा हाये जी. तुमच्या डब्यातून तो कसा गेला?" ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

टीव्हीवर उमटलेला तक्ता

ह्याच फेरीत वैनगंगेपलीकडे, वडसा भागातील एका सभासदांच्या घरी गेलो. त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा सुट्टीवर आला होता. त्याने आपला फोन एका लहानशा डबीला जोडला, डबीतून एक वायर घरच्या टीव्हीला लावली, साधा कीबोर्ड आणि माऊस जोडला. टीव्हीवर चक्क संगणकासारखा पडदा उमटला. खाली पट्टी, वर खिडक्या, एका खिडकीत हिशेबाचा तक्ता. "काका, तुमची नोंद यावरच लिहू का जी?" असे म्हणून त्याने आमच्या वहीतून गावच्या सभासदांची नावे, गट नंबर, जात, क्षेत्र आणि तारीख असा तक्ता तासाभरात करून दिला.

महत्त्वाची गोष्ट पुढेच घडली. टीव्हीपुढे घरची व शेजारची मंडळी बसली होती. एक जण म्हणाले, "माझं क्षेत्र चाळीस आर नाही जी, साठ आहे." वहीत आम्हीच चुकीचे लिहिले होते. गट कार्यालयातील संगणकाचे तोंड नेहमी आमच्याकडे असते. सभासदाला दिसते ती त्याची पाठ. त्या दिवशी सभासदाने आपली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी, मोठ्या अक्षरांत वाचली आणि जागच्या जागी दुरुस्त करून घेतली. यामुळेच ह्या विषयावर लिहावे असे वाटले.

ही डबी म्हणजे काय?

त्या डबीला डॉक किंवा हब म्हणतात. बैलजोडी एकच असते. जू मानेवर ठेवून तिला नांगराला जुंपा, वखराला जुंपा, नाहीतर बंडीला. तसे हे आहे. बळ फोनचे, डॉक हे जू, आणि पडदा, कीबोर्ड, माऊस ही अवजारे. आजच्या चांगल्या फोनमधील प्रोसेसर लिहिण्याच्या व हिशेबाच्या कामास पुरून उरतो. त्याला उणीव असते ती मोठ्या पडद्याची आणि हाताला सोयीच्या कळांची. ती डॉक भरून काढतो.

ही कल्पना अगदी नवी नाही. २०११ मध्ये मोटोरोला कंपनीने अ‍ॅट्रिक्स नावाचा फोन काढला. तो एका पातळ लॅपटॉपसारख्या खोक्याच्या पाठीमागे बसवीत. २०१३ मध्ये उबुंटू एज ह्या अशाच फोनसाठी लोकवर्गणीतून ३ कोटी २० लाख डॉलर उभे करण्याचे ठरले; पुरती निम्मी रक्कमही जमली नाही व तो बेत सुटला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या लुमिया फोनला ही सोय दिली. पुढे ते फोनच बंद पडले. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलॅक्सी एस-८ बरोबर डेक्स नावाचा डॉक आणला. त्यात फोन थंड ठेवण्यासाठी पंखासुद्धा होता. पुढील वर्षी नोट-९ ह्या फोनपासून खास डॉकची गरज उरली नाही, साध्या जोडणीवर काम होऊ लागले. २०२५ मध्ये अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीच्या वेळी गूगलनेही मोठ्या पडद्यावर फोन चालविण्याची अशीच सोय जाहीर केली. अनेक जोड्या बसल्या, एक-दोन उभ्या राहिल्या, असा हा इतिहास आहे.

वारणेचा धडा

आपल्यासारख्या ऊसवाल्यांना ह्याहून जवळचे उदाहरण वारणेचे आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी, गावोगाव संगणक बसविण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळी देशभर त्याचा बोलबाला होता. प्रत्यक्षात त्या संगणकांचा मुख्य उपयोग ऊस नोंद, तोडणीचा हुकूम, वजन, खताची मागणी अशाच कामांसाठी होत राहिला. मग काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील मंडळींनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातला संगणक बाजूस ठेवून तीच कामे साध्या मोबाईल फोनवरून, लघुसंदेशाने करून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे फोनची पद्धत स्वस्त ठरली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनाही तीच अधिक आवडली.

त्या वेळी फोन संगणकाची जागा घेत होता, पण पडदा चिमुकलाच होता. आता तो पडदाही मोठा करता येतो.

नोंद कोणाच्या हाती?

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावची घोषणा सर्वत्र माहीत आहे. २००९ मध्ये गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू तोडला तरी तो बाहेर नेण्याचा परवाना कोणी लिहावयाचा हा प्रश्न उरला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कोठे तो हक्क हाती आला. आज त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे वनहक्क आहेत, आणि जिथे तेंदू-बांबूचा व्यवहार ग्रामसभा स्वतः करते तिथे हिशेबही तिलाच ठेवावा लागतो.

उसाचेही तसेच. ऊस पिकविणारा आपण, पण पाळी ठरते ती नोंदवहीतून. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या फोनवरून करण्याची सोय झाली. ज्या हातांनी ती नोंद केली, त्या हातांना कारखान्याची नोंद वाचणे अवघड नाही. फक्त ती समोर आली पाहिजे.

आमच्या प्रयोगात काय दिसले

जुलैपासून गट कार्यालयात कार्यालयाचा फोन, एक हब आणि जुना टीव्ही यांवर आम्ही काम केले. चांगले तसे वाईटही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक फोनला हे जमत नाही. चार्जिंगचे भोक सारखे दिसले तरी बऱ्याच स्वस्त फोनमधून चित्र बाहेर येत नाही. काही फोन चित्र देतात, पण फोनचाच उभा पडदा जसाच्या तसा दाखवितात. संगणकासारखी मांडणी मिळत नाही. ही सोय बहुतेक वरच्या किमतीच्या फोनमध्ये असते. म्हणून दुकानात आपला फोन प्रत्यक्ष जोडून पाहिल्याशिवाय हब घेऊ नये. आमचा पहिला हब असाच वाया गेला.

दुसरी, ज्यांच्या फोनमधून चित्र येत नाही त्यांनीही निराश होऊ नये. साधी ओटीजी पिन घेतली की बहुतेक अँड्रॉइड फोनला कीबोर्ड, माऊस व पेनड्राइव्ह लागतो. मुलांना टंकलेखनाचा सराव करण्यास एवढे पुरते. फोन बोललेले मराठीही लिहून घेतो. आपल्या झाडीपट्टीच्या बोलीपुढे मात्र तो पुष्कळदा हरतो.

तिसरी, वीज. लाईन गेली की टीव्ही काळा होतो, पण फोन चालूच राहतो आणि लिहिलेले जात नाही. फोनला वीजही फार थोडी लागते. रेंज नसलेल्या गावातही तक्ता फोनमध्येच लिहिता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर पाठविता येतो. जंगलपट्टीत हा मोठा फायदा आहे.

चौथी, उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. चार्जिंग आणि पडदा एकदम चालू असता फोन तापतो व मंदावतो. कव्हर काढून पंख्याखाली ठेवावा.

पाचवी गोष्ट आम्हास ठेच लागून कळली. सुरुवातीस आम्ही शेतकी सहाय्यकाचा स्वतःचा फोन वापरीत होतो. तो घरी जेवावयास गेला की कार्यालयाचा संगणकही त्याच्याबरोबर खिशातून जेवावयास जाई! शिवाय त्याच फोनमध्ये त्याचे बँकेचे व्यवहार आणि ओटीपी. सर्वांच्या देखत टीव्हीवर ओटीपी झळकला तेव्हा आम्ही शहाणे झालो. सार्वजनिक कामाचा फोन वेगळाच हवा. घरी एखादा जुना, ही सोय असलेला फोन पडून असेल तर तो शिक्षणास व नोंदीस वापरावा. कंपनीकडून सुरक्षेची सुधारणा बंद झालेल्या फोनवर बँकेचा व्यवहार मात्र करू नये.

आणि शेवटची गोष्ट. फोनही पडतो, पाण्यात जातो, चोरीला जातो. वादळात जळालेल्या संगणकाने जे शिकविले ते फोनलाही लागू आहे. आता दर शनिवारी नोंदीची एक प्रत मुख्य कार्यालयास जाते, एक पेनड्राइव्हवर राहते आणि एक कागदावर छापून गट कार्यालयाच्या फळ्यावर लागते.

त्या ११ सभासदांचे काय झाले?

नऊ जणांच्या तारखा बेण्याची पावती व शेजाऱ्यांची साक्ष यांवरून ठरल्या. दोघांची काहीच खूण सापडली नाही. गट समितीने त्यांना मधली तारीख दिली. एकाने मान्य केली. दुसरे, ज्यांनी आम्हास डब्याचा प्रश्न विचारला होता, ते अजून आमच्याशी मोकळे बोलत नाहीत. त्यांचा राग रास्त आहे.

सध्या सुरू लागवड चालू आहे. सभासदांनी लागवडीनंतर नोंदीची पावती मागून घ्यावी आणि तिचा फोटो आपल्या फोनमध्ये काढून ठेवावा. दर मंगळवारी दुपारी गट कार्यालयातील पडदा सभासदांकडे तोंड करून ठेवलेला असतो. यावे, आपले नाव, क्षेत्र व तारीख वाचावी, आणि चूक दिसल्यास तिथेच सांगावी. येताना घरच्या शिकत्या मुलामुलींना अवश्य आणावे. हब कसा जोडावा हे त्यांना आम्ही दाखवू. आणि आमचे काही अडले तर ती आम्हास दाखवतील, असा आतापर्यंतचा अनुभव आहे.

— ऊस विकास अधिकारी