सात किलोमीटर खालचा वारा

4 एप्रिल 2023 रोजी बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळावर वळवाने असा धुमाकूळ घातला, की 14 विमानांना वाट बदलावी लागली. बहुतेक चेन्नईला गेली. बेंगळुरूला एप्रिल-मेमध्ये हे नवे नाही. वैमानिकाला पावसापेक्षा धास्ती असते ती ढगातून कोसळणाऱ्या गार हवेची.

नळाची धार फरशीवर आपटून फाकते, तशी ही हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. हाच मायक्रोबर्स्ट. पसारा चार किलोमीटरच्या आत, आयुष्य काही मिनिटांचे. उतरत्या विमानाला आधी समोरचा वारा लागतो, उचल वाढते. वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो न करतो तोच वारा पाठीमागून येतो आणि उचल निसटते. 2 ऑगस्ट 1985 ला डॅलस येथे डेल्टा एअरलाइन्सचे 191 क्रमांकाचे विमान असेच पडले. 137 जण दगावले. पुढे अमेरिकेने मोठ्या विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार उभारली.

रडारच्या लहरी पावसाच्या थेंबांवरून परततात. थेंब जवळ येत असतील तर वारंवारता वाढते, लांब जात असतील तर घटते; हाच डॉप्लर परिणाम. पण हा बदल किती? दहा सेंटिमीटरची लहर सेकंदाला तीन अब्ज वेळा कंप पावते. ताशी 90 किलोमीटरच्या वाऱ्याने त्यात फरक पडतो जेमतेम 500 चा! तरी तो मोजता येतो. जवळ येणारा आणि लांब जाणारा वारा शेजारी-शेजारी दिसले, की धोक्याची घंटा.

मात्र रडारला आपल्या किरणाच्या रेषेतलाच वारा कळतो, आडवा नाही. शिवाय पृथ्वी गोल. उदाहरणार्थ, चेन्नईच्या रडारचा जवळपास जमिनीलगत सोडलेला किरणही बेंगळुरूवर पोहोचेपर्यंत सुमारे सात किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याला ढगाचा माथा दिसेल; विमानाला दगा देणारा वारा मात्र खालच्या काहीशे मीटरांत असतो. म्हणून माझ्या मते रडार किती ताकदीचे यापेक्षा ते धावपट्टीपासून किती अंतरावर, हे आधी विचारावे. यंत्र बनवणे बेंगळुरूला अवघड नाही. इथल्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने इस्रोच्या साथीने डॉप्लर रडार घडवली आहेत.

जागा निवडणे मात्र किचकट. विमानतळाच्या उत्तरेला नंदी हिल्स आहेत. खडक हलत नाही, त्याचा वेग शून्य, म्हणून त्याच्यावरून आलेला प्रतिध्वनी संगणक गाळून टाकतो. डोंगराआडचे खालचे वारे मात्र रडारला दिसत नाहीत.