वाण जुना, शक्ती नवी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ मध्ये प्रसारित झाली. इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने तयार झालेल्या या वाणात किलोमागे सुमारे ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. एरवी ज्वारीत हे प्रमाण साधारण ३० आणि २० असते. हा वाण विद्यापीठाच्याच ‘पीव्हीके ८०१’ या आधीच्या वाणात सुधारणा करून काढला आहे. जुन्या वाणाचे बियाणे आणि नोंदी हाताशी होत्या, म्हणून हे जमले.

संस्थेचे ज्ञान दोन प्रकारचे असते. चाचण्यांचे आकडे, वंशावळ, शिफारशी हे कागदावर उतरते. उभ्या पिकात नेमके कोणते कणीस निवडायचे, ही नजर मात्र अनुभवी माणसाजवळच असते. ती सोबत काम करूनच पुढच्याकडे जाते.

कृषी विद्यापीठांनी दोन्हींची घडी बसवली आहे. राज्यातील चारही विद्यापीठांचे संशोधन दरवर्षी संयुक्त बैठकीत तपासले जाते, मगच शिफारस होते. बियाणे पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा टप्प्यांनी शेतापर्यंत पोहोचते.

कंपन्यांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात: फसलेल्या प्रयोगांचीही नोंद ठेवावी, निवृत्त होणाऱ्याच्या हाताखाली वेळेत नवा माणूस द्यावा आणि ग्राहकाची तक्रार संशोधन विभागापर्यंत पोहोचवावी. नाहीतर प्रत्येक नव्या माणसाला श्रीगणेशा करावा लागतो.