सहा मिनिटांसाठी इजिप्तला जावं का?

भाच्याचा फोन आला. "मामा, २०२७चं ग्रहण मुंबईतूनसुद्धा दिसणार आहे म्हणे. मग तुम्ही इजिप्तचं काय काढलंय?"

प्रश्न रास्त होता. २ ऑगस्ट २०२७ला सोमवार आहे आणि आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी चंद्राची सावली स्पेनच्या दक्षिण टोकाला शिवून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त असं करत तांबडा समुद्र ओलांडेल आणि सौदी अरेबिया, येमेनवरून सोमालियाकडे उतरेल. इजिप्तमधल्या लक्झरला सूर्य सहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे त्याच दिवशी दुपार कलल्यावर सूर्याचा एक कोपरा खाल्लेला दिसेल, तोही ऑगस्टच्या आभाळाने कृपा केली तर.

जायचं की नाही हे ठरवण्याआधी खंडग्रास आणि खग्रास यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. ९९ टक्के ग्रहण म्हणजे ९९ टक्के मजा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उघडा राहिला तरी तो चार हजार पौर्णिमांएवढा उजेड देतो. आणि जे पाहायला माणसं विमानं पकडून जातात ते सूर्याचं प्रभाकिरीट, म्हणजे करोना, सगळं मिळून जेमतेम एका पौर्णिमेएवढं. चार हजार चंद्रांच्या झगमगाटात तो एक चंद्र दिसायचा कसा? ९९ टक्क्यांच्या गावात लोक म्हणतात, ऊन आज जरा मळकट वाटतंय, आणि भाजी आणायला बाहेर पडतात.

शंभर टक्क्यांच्या गावात काय होतं? पंचांगातले शब्द इथे चपखल बसतात. आधी स्पर्श: सूर्यबिंबाच्या कडेला पहिला चावा. मग सव्वा तासाहून जास्त वेळ फारसं काही घडत नाही. चष्मा लावायचा, पाहायचं, काढायचा, चहा प्यायचा. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशांच्या कोरी झालेल्या असतात, त्या मुलांना दाखवायच्या. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उजेडाचा रंग बिघडतो. संध्याकाळसारखा तांबूस नाही, शिशासारखा. सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या होतात. हवा गार पडते. मग पश्चिमेकडून सावली येते, उरलेल्या कडेवर एकच ठिणगी थांबते, ती हिऱ्याची अंगठी, आणि संमीलन. जिथे सूर्य होता तिथे काळं भोक, त्याभोवती पांढऱ्या रेशमासारखा पसारा, आणि चारही दिशांना क्षितिजावर एकाच वेळी संधिप्रकाश. हा एवढाच वेळ असा की ग्रहणाचा चष्मा काढायचा असतो. तो लावून बसलात तर काहीच दिसणार नाही. उन्मीलनाची पहिली ठिणगी दिसली की चष्मा परत डोळ्यांवर.

हे सगळं बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आटोपतं. २०२७ला सहा का? सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आणि सुमारे चारशे पट लांब, म्हणून दोघं आपल्याला सारखेच दिसतात. पण ही अंतरं कमीजास्त होत असतात. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, म्हणून सूर्य किंचित लहान दिसतो. त्या ऑगस्टमध्ये चंद्र पृथ्वीच्या जवळ असेल, म्हणून तो किंचित मोठा दिसेल. शिवाय सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते आणि पृथ्वीचा पृष्ठभागही त्याच दिशेने फिरतो. विषुववृत्ताकडे त्याचा वेग जास्त, त्यामुळे सावलीला तिथली जागा ओलांडायला वेळ लागतो. तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या आहेत. जमिनीवरून पाहता येईल असं यापेक्षा लांब खग्रास थेट २११४मध्ये.

"पण कधीतरी आपल्या दारात येईलच की," असं भाचा म्हणालाच. पृथ्वीवरच्या कुठल्याही एका जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरी ३७५ वर्षांनी एकदा येतं. सरासरी मात्र फसवी असते. आपल्या विजयदुर्गावरून १८ ऑगस्ट १८६८ला ही सावली गेली आणि तीसच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ला, परत आली. किल्ल्यातला साहेबाचा ओटा दाखवून हेलियमचा शोध इथे लागला असं गावात सांगतात. खरं म्हणजे हा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो नॉर्मन लॉकयर १८६८ला इंग्लंडातच होता आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याने त्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला तो आला १८९८च्या खेपेला. त्याच वेळी पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन बसले होते आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच तळ ठोकून होती. महिना जानेवारीचा होता, आभाळ निरभ्र मिळालं. १८६८चं ग्रहण मात्र ऐन पावसाळ्यातलं.

ढगांचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. २२ जुलै २००९. सावली सुरतेवरून पाटण्याकडे जाणार होती. आम्ही चौघं रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे नवसारीच्या पुढे एका शेताच्या बांधावर उभे राहिलो. आभाळ गच्च. सव्वासहाला रिमझिम सुरू झाली. छत्री उघडावी की दुर्बिणीवर धरावी या वादात असतानाच कोणीतरी दुकानाचं शटर ओढावं तसा अंधार पडला. दिवसाचा अंधार नव्हता तो, रात्रीचाही नव्हता. टपरीवाल्याने मुकाट्याने बल्ब लावला. तीन मिनिटांनी शटर वर गेलं. सूर्य आम्हाला दिसलाच नाही. त्या सकाळी बिहारातल्या तारेगणालाही गर्दी जमली होती, तिचीही ढगांनी हीच गत केली. फुकट गेलं का? पूर्ण फुकट नाही. पण तेवढ्यासाठी मी विमानाचं भाडं भरलं नसतं.

म्हणून जागा निवडताना आधी आभाळ बघायचं आणि मग सेकंद. ऑगस्टमध्ये लक्झरला ढग जवळपास नसतातच. अधूनमधून धूळ असते. स्पेनचं दक्षिण टोकही बरं आहे, पण तिथे वेळ कमी आणि सावलीच्या पट्ट्याची कड जवळ. तरिफाला साडेचार मिनिटांहून जास्त, तर त्याच किनाऱ्यावर पुढे मालागाला दोन मिनिटंही नाहीत. पट्टा सुमारे अडीचशे किलोमीटर रुंद असला तरी कडेजवळ सेकंद झपाट्याने घटतात, हे हॉटेल ठरवताना विसरू नका. आणि कैरो तर पट्ट्याबाहेरच आहे. "इजिप्त ग्रहण सहल" अशी जाहिरात वाचून कैरोचं बुकिंग केलंत तर मुंबईत राहिल्यासारखंच झालं, फक्त ढग नसतील.

मुंबईहून जेद्दाला थेट विमानं आहेत, आणि तिथेही सहा मिनिटांच्या आसपास खग्रास आहे. आखातात ज्यांची माणसं नोकरीला आहेत त्यांनी याचा विचार जरूर करावा. किनाऱ्यावरचा दमटपणा मात्र सोसावा लागेल.

आता अडचणी. लक्झरला खग्रास दुपारी एकच्या सुमारास, आपल्याकडे साडेतीन वाजलेले असताना. ऑगस्टमधलं ऊन चाळिशी ओलांडणारं. सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ८२ अंशांवर, म्हणजे उभं राहून बघाल तर मान धरेल. सोबत चटई न्या आणि आडवे व्हा. स्पर्शापासूनचा सव्वा तास सावलीत काढा, शेवटच्या वीस मिनिटांतच उन्हात या. सत्तरीच्या आईवडिलांना न्यायचं असेल तर गच्चीला लागून वातानुकूलित खोली आहे का ते आधी विचारा. कॅमेरा पहिल्या खेपेला घरीच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा मिनिटांतली चार फोकस लावण्यात घालवलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांच्याकडे जो फोटो आहे त्याहून चांगले शेकडो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे असतात.

पैशांचं प्रत्येकाचं प्रत्येकाने बघावं. एक कसोटी मी वापरतो: ढग आले, सूर्य दिसला नाही, तरी ही सहल केल्याचं वाईट वाटणार नाही ना? लक्झरला कर्नाकचं मंदिर आहे, पलीकडे राजांची दरी आहे, नाईल आहे. या सगळ्यासाठी एरवीही जावंसं वाटत असेल तर ग्रहण वर मिळालं असं समजा. फक्त ग्रहणासाठी कर्ज काढायचं असेल तर काढू नका.

थांबणाऱ्यांसाठीही सोय आहे. २२ जुलै २०२८ला सिडनीवरून सावली जाईल, पावणेचार मिनिटांच्या आसपास. तिथे नातेवाईक असतील तर राहण्याचा खर्च वाचला. अमेरिकेतल्या ज्यांनी एप्रिल २०२४ला डॅलस, क्लीव्हलँडच्या अंगणातून पाहिलं, त्यांना देश न सोडता पुढची मोठी संधी ऑगस्ट २०४५ची, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. आणि भारतात? २० मार्च २०३४, लडाख-काश्मीरच्या डोंगरांत, संध्याकाळच्या बाजूला. मार्चमधलं हिमालयातलं आभाळ आणि बंद पडणारे घाट ज्यांना माहीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

भाच्याला मी एवढंच म्हणालो: सुट्टी मिळणार असेल आणि पासपोर्ट चालू असेल तर चल. फक्त खोली ठरवताना दोन गोष्टी लेखी घे. हॉटेल सावलीच्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून किती किलोमीटरवर आहे, आणि ऐनवेळी भाडं वाढवून आपलं बुकिंग रद्द करणार नाहीत याची हमी.