पोटात माती, पाठीवर स्वार

आदिलाबादचा घोडा वरून पितळेचा, पण घडतो मातीच्या पोटावर! जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या उशेगाव आणि केसलागुड्याचे वोजारी कारागीर आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाचे बारीक दोरे चिकटवून आयाळ, लगाम, डोळे उठवायचे आणि वरून पुन्हा माती लिंपायची. आचेवर मेण वितळून वाहून जातं, त्याच्या जागी पितळ शिरतं. साचा फोडल्याशिवाय घोडा बाहेर येत नाही, त्यामुळे इथे जुळे घोडे जन्मतच नाहीत. या ढोकरा कामाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

नुसत्या मातीच्या घोड्याला मान आहे तो थेट देवाकडे. गोंडांचा एक देवच घोडादेव, कोडापेन. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिहून ठेवलंय की पावसाळ्याच्या तोंडाला गावाबाहेर त्याची पूजा व्हायची आणि मातीचा घोडा वाहिला जायचा. देव म्हणजे एक बिनघडीव दगड, घोडा मात्र घडवलेला! 1863 मध्ये हेच हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे पुरातन दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, पाहून घोड्यावरून परतत होते. वाटेत भरलेल्या नाल्यात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ते यांच्याच नावाचं.

विदर्भातल्या अशाच शिळावर्तुळांच्या उत्खननात पुढे खरे घोडे निघाले. नागपूरजवळच्या माहुरझरीत माणसाच्या सोबतीला घोडा पुरलेला, तोही तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज चढवून. मेल्यावरही थाट सुटला नाही.

पुन्हा मातीकडे वळू. सातवाहनांच्या काळातले मूर्तिकार भलतेच हुशार. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि तेलंगणातलं कोंडापूर इथे पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन साच्यांत निघत. पुढचा अर्धा भाग एकात, मागचा दुसऱ्यात, मग सांधा जोडायचा. आत पोकळ. यात कंजुषी नव्हती. जाड मातीतला ओलावा भट्टीत वाट शोधतो आणि मूर्तीला तडा जातो.

घोडेस्वार बघायला संग्रहालयच गाठायला हवं असं नाही. घरी खंडोबाचा टाक असेल, तर देव घोड्यावर, बरोबर म्हाळसा, कधी पायाशी कुत्राही. चिंच लावून लावून स्वाराचं नाक बहुधा झिजलेलं असतं. पुढच्या वेळी घासताना टाक उलटा करून बघा: ठोकून उठवलेला असेल, तर हाही घोडा मागून पोकळच.