व्हिनेगरने उघड केलेली चोरी

चायनीजच्या गाडीवर बाटलीत दिसतं ते व्हिनेगर कर्करोगही शोधतं. गर्भाशयाच्या मुखावर व्हिनेगरमधलंच सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडू लागलेल्या पेशींतली प्रथिनं गोठतात आणि तेवढाच भाग पांढरा पडतो. नुसत्या डोळ्यांना दिसतो.

टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित सेविकांनी केली. 2013मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: या आजाराने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी! एवढ्या स्वस्तात एवढं यश वैद्यकात क्वचितच मिळतं.

या कर्करोगामागे बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. शरीरसंबंधातून तो येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपसूक जातोही. (म्हणून संसर्ग झाला की चारित्र्याची चौकशी नको.) जिथे तो मुक्काम ठोकतो, तिथे कर्करोग व्हायला अनेक वर्षं लागतात. ही सवड म्हणजेच तपासणीची संधी. मुलींसाठी लसही आहे.

पण आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, हे ‘वयाचं’ म्हणून सोडलं जातं. मग रेडिएशन, लांबच्या शहरातल्या खेपा, बुडणारा रोज. तिशी ओलांडली असेल, तर काही त्रास नसतानाही जवळच्या सरकारी रुग्णालयात या तपासणीची चौकशी करा. जाताना जावेलाही सोबत न्या.