कानशीच्या कातडीचा मासा

फाइलफिश या माशाच्या नावातील ‘फाइल’ म्हणजे लोहार-सुताराची कानस. त्याच्या अंगावर हात फिरवला की नावाचे कारण कळते. त्याच्या बारीक खवल्यांवर सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे कातडी पॉलिशकागदासारखी खरखरीत लागते. पूर्वी ही वाळवलेली कातडी लाकूड घासून गुळगुळीत करण्यासाठी वापरत.

या कुळातील मोठ्या आणि खाद्य जातींपैकी एक म्हणजे ‘अ‍ॅल्युटेरस मोनोसेरॉस’. १७५८ साली लिनिअसने तिची नोंद केली. ‘मोनोसेरॉस’ म्हणजे एकशिंगी. डोळ्याच्या वर असलेला एकच बारीक काटा हे ते शिंग. मात्र ते इतके नाजूक असते की सहज मोडते. हा मासा सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, रंग करडा किंवा तपकिरी, तोंड अगदी लहान. वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी असतात, बाहेर सहा आणि आत चार. तळावरचे लहान प्राणी आणि शैवाल कुरतडण्यासाठी ते उपयोगी पडतात.

अरबी समुद्रासह जगातील बहुतेक उष्ण समुद्रांत हा मासा आढळतो. पाठीवरचा आणि पोटाखालचा लांब पर लाटेसारखा हलवत तो संथ पोहतो. पिल्ले वाहत्या शैवालाच्या, ओंडक्यांच्या किंवा मोठ्या जेलीफिशच्या आडोशाने राहतात. उघड्या समुद्रात लपायला दुसरी जागा नसते.

खाण्यापूर्वी याची कातडी सोलावीच लागते. डोक्यामागे चीर दिली की ती मोज्यासारखी निघून येते. आतले मांस पांढरे व घट्ट असते. जपानमध्ये याच्या एका नातेवाईकाचे नावच ‘कावाहागी’, म्हणजे ‘कातडी सोललेला’. भारताच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात फाइलफिश सापडतात. पापलेट-सुरमईचा मान मात्र त्यांना नाही.

खवय्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. याचाच भाऊबंद ‘अ‍ॅल्युटेरस स्क्रिप्टस’ प्रवाळ बेटांजवळ राहतो. त्याच्या अंगावर निळ्या रेघोट्या व ठिपके आणि काळे टिपके असतात. तो पॅलिथोआ नावाचे प्रवाळासारखे जीव खातो. त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष या माशाच्या आतड्यांत सापडले आहे. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे अशा रेघोट्यांचा मासा टाळणे चांगले, आणि कोणत्याही फाइलफिशचे आतडे व काळीज बाजूला काढून टाकणे शहाणपणाचे. फाइलफिश आणि विषारी केंड मासा एकाच गणातले असल्याने मासळी घेताना नीट ओळख पटवून घ्यावी.

मासा खाद्य ठरला की त्याचे काय होते, हे दक्षिण कोरियात दिसले. तिथे ‘थॅम्नाकोनस मॉडेस्टस’ या लहान फाइलफिशचे मांस चपटे करून, गोड-खारट मसाला लावून वाळवतात. ‘ज्वीपो’ नावाचा हा पदार्थ चवीने खाल्ला जातो. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथील वार्षिक पकड तीन लाख टनांवर गेली होती. १९९०च्या दशकात ती कोसळली. आता ज्वीपोसाठीचा बराच माल व्हिएतनाममधून येतो.

एकेकाळी स्वस्त आणि मुबलक म्हणून ओळखला जाणारा मासा काही वर्षांत दुर्मीळ झाला. आपल्याकडे एखाद्या नव्या माशाला मागणी येऊ लागली, की त्याच्या स्वच्छतेबरोबर त्याच्या पकडीचीही नोंद सुरुवातीपासून ठेवायला हवी. किती मासा समुद्रात उरतो आहे, हे जाळी रिकामी येऊ लागल्यावर कळले, तर फार उशीर झालेला असतो.